सार्जंटच्या बुटांची टाच

मी पाय बनवतो. हे वाक्य एखाद्या समारंभात उच्चारले की समोरच्याचा घास क्षणभर अडतो आणि त्याची नजर आपसूक माझ्या बुटांकडे जाते. डब्लिनच्या मराठी मंडळींत डॉक्टर पुष्कळ, संगणकवाले त्याहून पुष्कळ. पाय बनवणारा मात्र बहुधा मी एकटाच. त्यामुळे गणपतीच्या आरतीनंतर माझी ओळख करून देणाऱ्याची नेहमी पंचाईत होते. "हे संजय. हे पण मेडिकलमध्येच आहेत, म्हणजे... तसे," असे म्हणून तो घाईने प्रसादाकडे वळतो. यंदाच्या दिवाळी अंकात सैनिकांच्या त्यागाला वंदन करणारा विभाग असावा असे संपादकांनी ठरवले आणि माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी आधी नकारच दिला. वंदन कसे करावे हे मला नीटसे ठाऊक नाही. सैनिकांशी माझा संबंध आला तो गुडघ्याच्या खाली. पण त्या तेवढ्या भागाविषयी आपल्याला काही सांगता येईल, असे पुढे वाटू लागले.

आधी धंद्याविषयी. गुडघ्याखाली पाय कापावा लागला की जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. त्याचा प्लास्टरने साचा घ्यायचा, साच्यावरून सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसेल असा पेला घडवायचा, पेल्याखाली धातूची नळी आणि नळीखाली पाऊल. ऐकायला सोपे वाटते. परंतु माणसाचे वजन त्या पेल्यात कुठे पडावे आणि कुठे मुळीच पडू नये, यातच आमची सारी विद्या सामावलेली आहे. पेला केसभर चुकला तरी कातडी लाल होते, मग फोड येतो, आणि पाहता पाहता माणूस पुन्हा कुबड्यांवर जातो. म्हणून थोडे चालवून झाल्यावर आम्ही पाय काढायला लावतो आणि कातडी बघतो. लाली लवकर विरली तर ठीक. रेंगाळली तर पेला पुन्हा घासायचा.

या कामात रुग्णाची तक्रार हे आमचे सर्वांत मोलाचे हत्यार असते, आणि लोक ती सढळ हाताने करतात. गॉलवेच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका माझ्याकडे येत. त्यांचे म्हणणे असे, की पाय कुरकुरतो याबद्दल त्यांची काही हरकत नाही, पण तो चर्चमध्ये नेमका सगळे गप्प असताना कुरकुरतो आणि पाद्री त्यांच्याकडे बघतो. अशा माणसाचा पाय नीट करणे सोपे असते. कठीण असतो तो सैनिक. सैनिक तक्रार करत नाही.

हे मी पुण्यात शिकलो. तरुणपणी काही वर्षे मी तिथे जवानांसाठी पाय बनवत असे. साताऱ्याकडचे एक शिंदे होते, सैन्यात नाईक. नवा पाय चढवून ते खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालत गेले, वळले आणि सावधान उभे राहिले.

"कसं वाटतंय?" मी विचारले.

"एक नंबर, साहेब."

आमचे वरिष्ठ कुलकर्णी सर दारात उभे होते. ते एवढेच म्हणाले, "काढा बघू तो." पाय निघाला तेव्हा आतला मोजा रक्ताने भिजलेला होता.

"अहो शिंदे, मग बोलला का नाहीत?" सरांनी विचारले.

शिंदे ओशाळून म्हणाले, "या साहेबांनी एवढ्या मेहनतीनं केलाय. कसं सांगायचं?"

त्या दिवशी कुलकर्णी सरांनी मला नियम घालून दिला: सैनिकाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, कातडीवर ठेवायचा. पुढे आयर्लंडमध्ये आलो तेव्हा हाच आजार निराळ्या नावाने भेटला. इथल्या सैनिकाला काहीही विचारा, तो म्हणतो, "ग्रँड." हाड टोचत असले तरी ग्रँड, फोड फुटला असला तरी ग्रँड. शिंद्यांचा 'एक नंबर' आणि यांचा 'ग्रँड' हे मला सख्खे भाऊ वाटतात.

आता मॅटीची गोष्ट. मी डब्लिनच्या टॅला उपनगरात राहतो आणि आठवड्यातून एक दिवस मलिंगार नावाच्या गावातल्या आमच्या छोट्या क्लिनिकमध्ये जातो. मॅटी तिथे येतो. सैन्यातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेला, उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस. इथे सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, म्हणून मीही त्याला मॅटी म्हणतो आणि लिहितानाही एकेरीतच लिहितो; मनात मात्र तसे नाही. तो मला डॉक म्हणतो. मी डॉक्टर नाही, हे मी त्याला अनेकदा सांगितले. "ग्रँड, डॉक," असे त्याचे उत्तर.

आयर्लंडचे सैन्य लहान, पण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत ते दूरदूर जाते. मॅटी तरुणपणी लेबनॉनमध्ये होता. तिथल्या एका रस्त्यावर त्याची गाडी सुरुंगावरून गेली. मॅटी चालवत होता. शेजारी त्याच्याच गावचा नोएल होता. मॅटीचा डावा पाय गेला, नोएल गेला. नोएलची शवपेटी गावी आली आणि सोबत्यांनी ती खांद्यावर घेऊन, सैन्याच्या संथ चालीने, तळ्याकाठच्या दफनभूमीत नेली. मॅटी तेव्हा इस्पितळात पडून होता.

तेव्हापासून दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, नोएलच्या स्मृतिदिनी, गावचे जुने सैनिक त्या दफनभूमीत जमतात आणि मॅटी फाटकापासून नोएलच्या शिळेपर्यंत पुष्पचक्र घेऊन संथ चालीने एकटा जातो. जी चाल त्या दिवशी त्याला चालता आली नाही, ती तो दरवर्षी चालतो. हे त्याने मला कधी सांगितले नव्हते. त्याची मुलगी ओर्ला हिने सांगितले, तेही मॅटी पडल्यानंतर.

तो पडला तो दोन वर्षांपूर्वी. निम्म्या वाटेवर गुडघा अचानक वाकला, मॅटी खडीवर कोसळला आणि पुष्पचक्र घरंगळत बाजूच्या गवतात गेले. मनगट मोडले ते जुळले. पण गेल्या उन्हाळ्यात जुन्या सैनिकांच्या मंडळाने फार प्रेमाने सुचवले, की या खेपेस मॅटीने चाकाच्या खुर्चीतून यावे, नाहीतर पुष्पचक्र कुणा तरुणाकडे द्यावे.

ओर्ला त्याला घेऊन माझ्याकडे आली. "संजय, तुम्हीच सांगा याला. माझं ऐकत नाही."

मी मॅटीची तपासणी केली. सॉकेट उत्तम बसत होते, कातडी स्वच्छ होती, स्नायूंत वयाच्या मानाने भरपूर बळ होते. मग पडण्याचे कारण वय, एवढेच उरते, असा निष्कर्ष मी काढला. अतिशय मृदू शब्दांत मीही खुर्चीचेच सुचवले. माझ्या मृदू बोलण्याचे लोक कौतुक करतात. त्यात कधीकधी नुसता आळस लपलेला असतो, हे मला ठाऊक आहे.

मॅटीने माझ्याकडे पाहिले. "डॉक, नोएलला माणसांनी खांद्यावर नेलं. त्याच्याकडे कुणी मला ढकलत न्यायचं नाही. चालत जाईन, नाहीतर जाणारच नाही."

"डॅड, पुन्हा पडलास तर?"

"तर तुला हवी ती खुर्ची आण."

ओर्लाच्या डोळ्यांत पाणी आले. काहीतरी करायचे म्हणून मी विचारले, की त्या दिवसाचे कुणी चित्रण केले होते का. तिच्या फोनवर होते. मॅटीने तोंड फिरवले, मी पाहिले. एकदा पाहिले आणि मग पुन्हा पाहिले. मॅटी अडखळला नव्हता. पाऊल कुठे अडकले नव्हते. उतारावर त्याची नळी पुढे झुकत गेली आणि गुडघ्याला तिला आवरता आले नाही. मग माझे लक्ष त्याच्या पायांकडे गेले. काळे, आरशासारखे चकचकीत बूट. ते मी कधीच पाहिले नव्हते. माझ्याकडे तो नेहमी करड्या रंगाच्या मऊ रनर्समध्ये, म्हणजे धावण्याच्या बुटांत, येत असे.

"मॅटी, हे बूट कुठे असतात?"

"प्रेसमध्ये. आणखी कुठे?" कपाटाला इथले लोक प्रेस म्हणतात.

"मी तुम्हाला दरवेळी विचारत होतो, कोणते बूट घालून चालता म्हणून."

"आणि मी दरवेळी खरं सांगितलं. ते बूट मी चालायला घालत नाही. ते नोएलचे आहेत, म्हणजे त्याच्यासाठीचे. वर्षातून एकदा." मग किंचित रागाने तो म्हणाला, "ते घालून मी इस्पितळात येऊ?"

इथे थोडे थांबून समजावून सांगायला हवे. माझी पत्नी मेधा एखाद्या लग्नाला उंच टाचांचे सँडल घालून जाते आणि परत येताना गाडीत सपाट चपला चढवते. तिचा घोटा या बदलाची दखलही घेत नाही; तो आपणहून जुळवून घेतो. कृत्रिम घोट्याला हे जमत नाही. तो ज्या टाचेवर बसवला, त्याच टाचेचा गुलाम होतो. टाच बोटभर जरी उंच झाली, तरी सारी नळी पुढे कलते आणि गुडघा वाकू लागतो. सपाट रस्त्यावर माणूस कसाबसा सांभाळतो; उतारावर, त्यातही संथ चालीत, जिथे प्रत्येक पावलागणिक एका पायावर क्षणभर तोलून राहावे लागते, तिथे तो पडतो.

मग इतकी वर्षे मॅटी का पडला नाही? कारण त्याचे जुने पाऊल रबराचे, मऊ टाचेचे होते आणि ते असल्या चुका पोटात घालत असे. त्याच्या पडण्याआधी काही महिने मी ते बदलून कार्बनचे नवे, नेमके, चपळ पाऊल बसवले होते. मला त्याचा अभिमान वाटत होता. रनर्सवर ते खरोखरच सुरेख चाले.

मी हे सगळे दोघांना सांगितले. "तुम्ही वयामुळे पडला नाहीत, मॅटी. तुम्ही माझ्या पायामुळे पडलात."

मला वाटले तो चिडेल. पण त्याच्या चेहऱ्यावर असे काही पसरत गेले, जे मी त्याआधी तिथे पाहिले नव्हते. "म्हणजे मी म्हातारा झालेलो नाही?"

"झाला आहात. पण पडलात त्यामुळे नव्हे."

"ऐकलंस, ओर्ला?" तो म्हणाला. "युअर मॅन म्हणतोय, सगळी चूक त्याची." युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'हा बाबा'. आणि तो मोठ्याने हसला.

उपाय माझ्या मनात आला होता, पण तो सांगायला धीर लागणार होता. पावलांचा एक प्रकार असा मिळतो, ज्याच्या घोट्याशी एक बटण असते. ते दाबले की पाऊल हव्या त्या टाचेनुसार वाकवता येते, बटण सोडले की तिथेच पक्के बसते. मॅटीला ते फार आवडले.

"झकास. कुणासाठी बनवतात हे?"

"मुख्यतः बायकांसाठी," मी म्हणालो. "उंच टाचा घालता याव्यात म्हणून."

ओर्लाने खिडकीकडे तोंड केले. तिचे खांदे हलत होते.

"डॉक," मॅटी अखेर म्हणाला, "हे या खोलीबाहेर गेलं, तर तुझा पाय कोण बनवणार, याचा आधी विचार करून ठेव."

पुढच्या भेटीला तो बूट घेऊन आला. उशीच्या पांढऱ्या अभ्र्यात गुंडाळलेले. मी हात धुतले, पुसले आणि मगच ते हातात घेतले. त्याने ते पाहिले. घालून दाखवायला मात्र तो तयार होईना. त्या दिवसाखेरीज ते पायात चढत नाहीत म्हणजे नाहीत. मी आग्रह केला नाही. टाचेचे माप घेतो, म्हणालो, आणि तशीच टाच असलेले साधे बूट सरावासाठी शोधतो. त्यासाठी डावा बूट काही दिवस माझ्याजवळ ठेवावा लागेल. तो विचारात पडला. मग त्याने उजवा बूट अभ्र्यात परत ठेवला आणि डावा माझ्या टेबलावर.

त्याच दिवसांत खंडेनवमी आली. पुण्याच्या कार्यशाळेत आम्ही त्या दिवशी करवती, कानशी, मापाच्या पट्ट्या मांडून पूजा करत असू आणि मी ती सवय क्लिनिकच्या मागच्या खोलीतही टिकवली आहे. त्या वर्षी टेबलावर हत्यारांच्या रांगेत सार्जंटचा बूट होता. पूजेत पादत्राण! आईने मला घराबाहेर काढले असते. मी बूट उचलायला हात पुढे केला, आणि मग तो तिथेच राहू दिला. क्लिनिकशेजारच्या एका आजींनी दिलेले पिवळे शेवंतीचे फूल त्याच्यापुढे ठेवले. कुंकू मात्र लावले नाही. त्या पॉलिशला डाग पडला असता, तर देवाने मला क्षमा केली असती, सार्जंटने केली नसती.

तशाच टाचेचे बूट मला गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाले. मॅटीला बटणाचे नवे पाऊल बसवले आणि ते बूट घालून सराव सुरू झाला, क्लिनिकच्या लांब बोळात. संथ चाल म्हणजे नेमके काय, हे मला कळणे आवश्यक होते, म्हणून मॅटीने मला शेजारी उभे केले. पाऊल उचलायचे, बोटे खाली वळवून जमिनीलगत सरकत पुढे न्यायचे, टेकवण्याआधी क्षणभर हवेत रोखायचे. खांदे हलता कामा नयेत. मी तिसऱ्याच पावलाला भिंतीवर जाऊन आदळलो.

"तुला दोन आहेत," मॅटी समोर बघतच म्हणाला. "तुझं निमित्त काय?"

स्वागतकक्षातली मुलगी कागद न्यायला आली आणि आम्हाला पाहून थबकली. "बॅले सुरू आहे का?"

"नाही," मॅटी म्हणाला. "सैन्यभरती. हा नापास झालाय."

दर सरावानंतर मी विचारत असे, "कसं आहे?" तो म्हणे, "ग्रँड." आणि मी म्हणे, "काढा." दोनदा लाली सापडली. दोनदा मी पेला घासला. तिसऱ्यांदा नळी किंचित मागे घेतली. ओर्ला दर वेळी बाकावर बसून असे. खुर्चीचा विषय तिने काढला नाही, आणि सोडलाही नव्हता. गाडीच्या डिकीत उसनी आणलेली घडीची खुर्ची मी पाहिली होती.

नोएलच्या स्मृतिदिनाचा तो दिवस थंड होता, पण कोरडा. तळे शिशासारखे स्थिर होते. मॅटीने मला मुद्दाम बोलावले होते. गाडीत बसूनच त्याने रनर्स काढले, ते बूट चढवले आणि कुणी पाहत नाही याची खात्री करून घोट्याचे बटण दाबले. मग शांतिसेनेची निळी टोपी सारखी केली, छातीवरची पदके हाताने दाबून बसवली आणि उतरला.

जमलेली माणसे त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी गुडघ्याकडे. हुकूम आयरिश भाषेत दिले जातात, त्यातले मला काही कळत नाही. पहिला हुकूम झाला आणि मॅटी निघाला. खडी त्याच्या टाचांखाली एका लयीत वाजू लागली. पाऊल उचलले, सरकले, रोखले, टेकले. नळी सरळ होती. उतार सुरू झाला. नळी सरळच होती. तो पडला होता ती जागा आली आणि मागे गेली. माझा श्वास सुटला.

आणि शिळेच्या थोडे अलीकडे मॅटी थांबला.

एकदम. खिळल्यासारखा. माझ्या मनात एका क्षणात सगळे येऊन गेले: पेला, कातडी, बटण, ते नीट पक्के बसले नसेल तर? माझे पाऊल आपोआप पुढे पडले. कुणीतरी माझी बाही मागे ओढली. ओर्ला होती.

"जागचे हलू नका," ती दबल्या आवाजात म्हणाली. "थांबायचाच हुकूम झालाय."

तिचा चेहरा ओला होता आणि ती हसत होती. दुसरा हुकूम झाला. मॅटी उरलेली पावले चालला, कंबरेत वाकला, पुष्पचक्र नोएलच्या शिळेशी ठेवले, सरळ झाला आणि सलाम केला. बिगुल वाजून संपेपर्यंत त्याचा हात तसूभर हलला नाही. मग तो सर्वांत अवघड गोष्टीकडे वळला. अक्षरशः वळला, त्या डाव्या टाचेवर, पूर्ण मागे, आणि त्याच चालीने चढ चढून परत येऊ लागला. जुन्या सैनिकांच्या रांगेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तशी रीतच नाही. पण तो समोरून जाऊ लागला तसा एकेक म्हातारा, कुणीही न सांगता, सावधान उभा राहत गेला.

माझ्यासमोरून जाताना मॅटीने मान वळवली नाही. ओठांच्या कोपऱ्यातून फक्त पुटपुटला, "टाचा ग्रँड आहेत, डॉक."

फाटकाशी मंडळाच्या अध्यक्षांनी त्याचा हात हातात घेतला आणि पुढच्या वर्षीचे विचारले. मॅटी म्हणाला, "मी येणार. पण तुमची चाल जरा ढिली झालीय. सराव करा." ओर्लाने त्याच संध्याकाळी ती घडीची खुर्ची परत करून टाकली.

पुढच्या आठवड्यात तो क्लिनिकमध्ये आला, करड्या रनर्समध्ये.

"कसं आहे?"

"ग्रँड."

"काढा."

"अजून विश्वास नाही?"

"नियम आहे," मी म्हणालो. "पुण्याचा."

त्याने पाय काढला. मी दिवा जवळ ओढला, चष्मा पुसला आणि स्टंप सगळीकडून, नडगीच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत, बोटाने चाचपून पाहिला. कुठे फोड नव्हता, कुठे लाली नव्हती. कातडी निरोगी, शांत होती.

इतक्या वर्षांत प्रथमच एखादा सैनिक मला ग्रँड म्हणाला होता आणि ते खरे होते.

"मग?" मॅटीने विचारले.

"एक नंबर," मी म्हणालो. ते मराठीतच तोंडून गेले; त्याने अर्थ विचारला नाही. पाय चढवला, रनर्सची नाडी बांधली आणि टाच जमिनीवर दोनदा आपटून पाहिली. काळे बूट घरी प्रेसमध्ये होते, अभ्र्यात, जोडीने, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत.